एक मोटर पेटणार नाही, असं धरूनच बांधा

रॉकेटच्या तळाशी एका मोटरऐवजी तीन-चार मोटर्स शेजारी शेजारी बसवायच्या आणि सगळ्या एकाच क्षणी पेटवायच्या, याला क्लस्टर म्हणतात. मोठ्या रॉकेटांत ही रीत जुनी आहे. सॅटर्न-५च्या पहिल्या टप्प्यात पाच इंजिनं होती. जुलै २०२३मध्ये चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३च्या द्रव इंधनाच्या टप्प्यात दोन विकास इंजिनं जोडीनं चालतात. आणि सोव्हिएत एन-१च्या पहिल्या टप्प्यात तब्बल तीस इंजिनं होती. १९६९ ते १९७२ या काळातली त्याची चारही उड्डाणं पहिला टप्पा जळत असतानाच फसली. मॉडेल रॉकेटच्या किटमध्ये हाच मामला हाताएवढ्या आकारात येतो. एका मोटरची काही रॉकेटं बांधून, उडवून, धड उतरवून झाली असतील तर क्लस्टरकडे जरूर वळा. तोवर घाई नको.

सगळ्या मोटर्स पेटल्या तर बेताचं बांधलेलं क्लस्टरसुद्धा देखणं उडतं. खरी परीक्षा एक मोटर पेटत नाही तेव्हा होते. रेटा एका बाजूला सरकतो, वजन तेवढंच राहतं, आणि रॉकेट सरळ वर जायचं सोडून कलायला लागतं. म्हणून किटचा खोका उघडल्यापासून बटण दाबेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: यातली एक मोटर पेटली नाही तर हे रॉकेट काय करेल? पुढचं सगळं याच प्रश्नाला धरून लिहिलं आहे.

या छंदाचं घर अमेरिका. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी जोड्यांचं दुकान चालवणारे ऑर्व्हिल कार्लाइल आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी १९५४मध्ये पहिलं मॉडेल रॉकेट आणि त्याची मोटर तयार केली. १९५७मध्ये हॅरी स्टाइन यांनी घरगुती रॉकेटांच्या धोक्यांवर लेख लिहिला, तो वाचून कार्लाइल यांनी त्यांच्याशी संपर्क साधला आणि त्याच वर्षी नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही संघटना उभी राहिली. पुढे व्हर्न एस्टिस यांनी मोटर्स भराभर आणि एकसारख्या बनवणारं यंत्र केलं. त्या काळात अंतराळाच्या वेडानं भारलेली मुलं लोखंडी नळ्यांत दारू ठासत होती आणि जायबंदी होत होती. कारखान्यात तयार झालेली, कागदी कवचाची, एकदाच वापरायची मोटर हे त्यावरचं उत्तर होतं. म्हणून या छंदाचा पहिला नियम आजही तोच आहे: मोटर उघडायची नाही, तिच्यात काही घालायचं नाही, तिच्यातून काही काढायचं नाही.

भारतातल्या वाचकांनी इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. या मोटर्समध्ये काळी दारू असते. आपल्याकडे तिला १८८४चा स्फोटक कायदा लागतो, आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपुरातच आहे. परवान्याशिवाय या मोटर्स मागवू नका, बनवण्याचा विचारही नको. दिवाळीतले चार बाण एकत्र बांधून पाहण्याचा मोह तर मुळीच नको. बाणाचा रेटा ठरलेला नसतो, जळण्याची वेळही ठरलेली नसते. अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या मावशी-मामांनी भाच्यांसाठी किट खुशाल आणावं, मोटर्स मात्र आणू नयेत. विमानात त्या हातातल्या सामानातही चालत नाहीत आणि चेक-इनच्या बॅगेतही चालत नाहीत. किटमधल्या कागदी-लाकडी भागांवर बांधणी शिकता येते, स्थिरतेची गणितं करता येतात. ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर उड्डाणही करून दाखवतं.

किट निवडताना

पहिल्या क्लस्टरसाठी १८ मिलिमीटरच्या तीन मोटर्सचं किट घ्या. दोन मोटर्सचं रॉकेट सोपं वाटतं, पण त्याचं भूमितीचं गणित वाईट आहे. मोटरची नळी साधारण १८.७ मिलिमीटर जाडीची असते. दोन नळ्या शेजारी ठेवल्या आणि एक पेटली नाही, तर उरलेलीचा रेटा रॉकेटच्या अक्षापासून ९.३ मिलिमीटरवर पडतो. तीन नळ्यांच्या त्रिकोणात एक गळाली तर उरलेल्या दोघींचा मिळून रेटा अक्षापासून ५.४ मिलिमीटरवर येतो. चार नळ्यांच्या चौकोनात एक गेली तर ४.४. म्हणजे मोटर्स वाढल्या की एकीच्या चुकण्याचा फटका कमी होतो. पण चुकण्याचा संभव वाढतो, हे विसरू नका. समजा प्रत्येक मोटर पेटण्याची खात्री शंभरात पंच्याण्णव आहे. तर तिन्ही एकदम पेटण्याची खात्री शहाऐंशीवर येते आणि चारही पेटण्याची एक्याऐंशीवर. तीच प्रत्येकीची खात्री नव्व्याण्णववर नेली, तर तीन मोटर्सना सत्त्याण्णव मिळतात. या आकड्यांमुळेच माझा सगळा जोर पुढे वायरिंगवर आहे.

किट लांबट अंगाचं आणि मोठ्या पंखांचं असावं. रेटा बाजूला सरकला की रॉकेट वळवणारा जोर तयार होतो आणि त्याला उलटा जोर देऊन सरळ ठेवायचं काम पंखांचं. पंख गुरुत्वमध्यापासून जितके दूर आणि जितके रुंद, तितकं ते काम सोपं. बुटकं, जाडं, छोट्या पंखांचं क्लस्टर फोटोत छान दिसतं, पण पहिल्या खेपेला घेऊ नये.

मोटर्स काळ्या दारूच्याच हव्यात. संमिश्र इंधनाच्या मोटर्स जास्त ताकदीच्या असतात, पण पेटायला कमीअधिक वेळ घेतात. एक पेटून रॉकेट निघून जातं आणि दुसरी अजून धुमसत असते. काळी दारू ठिणगी लागताच भडकते, आणि क्लस्टरला हवं ते हेच.

वजनाचं गणित

एस्टिस कंपनीची सी६-५ ही नेहमीची मोटर घेऊ. यातलं ‘सी’ म्हणजे एकूण आवेग ५ ते १० न्यूटन-सेकंदांच्या दरम्यान, ‘६’ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये, आणि ‘५’ म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट उडवणाऱ्या स्फोटापर्यंतचे सेकंद. मोटर ७० मिलिमीटर लांब, वजन २४ ग्रॅमच्या आसपास. कंपनी सांगते की उड्डाणाच्या वेळी रॉकेटचं मोटरसकट वजन ११३ ग्रॅमच्या वर नको.

तीन मोटर्स म्हणजे ३३९ ग्रॅम, असं कुणीही पटकन म्हणेल. तसं धरू नका. दोन मोटर्सचा हिशेब धरा: २२६ ग्रॅम. त्यातून तीन मोटर्सचे ७२ ग्रॅम वजा केले की रॉकेट, पॅराशूट, त्याला आगीपासून वाचवणारं वॅडिंग, रंग आणि नाकातलं वजन मिळून दीडशे ग्रॅम उरतात. या मर्यादेत बसलेलं रॉकेट दोन मोटर्सवरही उड्डाणाच्या रॉडवरून जोमानं निघतं आणि पंखांना पकड मिळण्याइतका वेग घेतं. सी६ पहिल्या क्षणात सुमारे १४ न्यूटनचा धक्का देते आणि मग चार-पाच न्यूटनवर स्थिरावते. २२६ ग्रॅमचं वजन म्हणजे साधारण २.२ न्यूटन. दोनच मोटर्स पेटल्या तरी पहिला धक्का वजनाच्या बारापट आहे. मर्यादा ओलांडून तीनशे ग्रॅमपर्यंत गेलात, तर हा आधार झपाट्यानं घसरतो.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा जवळ ठेवा आणि प्रत्येक टप्प्यानंतर वजन लिहून काढा. वजन वाढवणारे खरे गुन्हेगार म्हणजे बाल्सा लाकडाच्या रेषा बुजवायला लावलेलं फिलर आणि रंगाचे थर. एक अस्तर, एक रंग, पुरे.

सेकंदांचा आकडा निवडतानाही तोच प्रश्न विचारा. एक मोटर कमी पडली की रॉकेट कमी उंच जातं आणि शिखर लवकर गाठतं. आकडा मोठा असेल तर पॅराशूट उघडण्याच्या वेळी ते नाक खाली करून सुसाट येत असतं. सी६-५ आणि सी६-७ यांत निवडायचं असेल तर पाचच घ्या. तिन्ही मोटर्सचा आकडा एकच ठेवा आणि शक्यतो एकाच पाकिटातल्या मोटर्स वापरा. सी६-० ही मोटर मात्र या रॉकेटात चुकूनही बसवू नका. ती दोन टप्प्यांच्या रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते. इंधन संपताच ती पुढच्या बाजूनं आग फेकते, आणि भर वेगात पॅराशूट जळून जातं. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत राहिलेल्या मोटर्सही नकोत. ताप-गारव्याच्या फेऱ्यांत दारूची कांडी कवचापासून सुटते आणि मोटर पेटताक्षणी फुटू शकते.

नळ्यांचा जुडगा

एस्टिसची जुनी रेंजर, किंवा तिच्या धर्तीवरची किट्स, बीटी-६० नावाच्या कागदी नळीवर बेतलेली आहेत. या नळीचा आतला व्यास सुमारे ४०.५ मिलिमीटर. १८.७च्या तीन नळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या की त्यांच्याभोवतीचं वर्तुळ ४०.३ मिलिमीटरचं होतं. मधे कड्या-रिंगा काही न लावता तीन नळ्या आत बरोब्बर बसतात. ही जुळणी पहिल्यांदा हाताला लागते तेव्हा मन प्रसन्न होतं.

आधी प्रत्येक नळीत पुढची अडवणारी रिंग बसवा, म्हणजे मोटर रेट्यानं वर सरकणार नाही. मोटर ७० मिलिमीटरची आणि शेवटी सहा-सात मिलिमीटर बाहेर राहायला हवी, म्हणून रिंगची खालची कड नळीच्या टोकापासून ६४ मिलिमीटरवर. मग काचेच्या सपाट तुकड्यावर दोन नळ्या शेजारी चिकटवा, वाळू द्या, आणि तिसरी त्यांच्या खाचेत ठेवा. रबर बँड लावून जुडगा काचेवर उभा करा: तिन्ही टोकं एकसाथ टेकली पाहिजेत. एखादी नळी किंचित तिरपी राहिली तर तिचा रेटाही तिरपा जाणार, आणि ते पुढे कशानंही दुरुस्त होत नाही. इथे खर्च केलेला तास पुढे वसूल होतो.

जुडगा मोठ्या नळीत सरकवताना पिवळा वुड ग्लू वापरू नका. घट्ट बसणाऱ्या कागदाच्या दोन नळ्यांत तो काही सेकंदांत पकडतो आणि जुडगा अर्ध्यावर अडकतो. साधा पांढरा गोंद सवड देतो. गोंद न लावता आधी एकदा सरकवून पाहा, खूण करा, मग गोंद लावून एका दमात, मधे न थांबता आत ढकला.

आता फटी. तीन गोल नळ्यांच्या मधोमध एक त्रिकोणी भोक राहतं आणि कडेला तीन फटी राहतात. यांच्याकडे दुर्लक्ष झालं की पॅराशूट उघडत नाही. वर तीन छोटे स्फोट होतात, त्यांचा वायू वाट मिळेल तिथून खाली निसटतो आणि नाक जागचं हलत नाही. टिश्यू पेपर पांढऱ्या गोंदात भिजवून टूथपिकनं या फटींत ठासा. वाळला की परत एक थर. मग तिन्ही मोटरनळ्यांत कागदाचे बोळे घट्ट बसवा, खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च शेपटाकडून लावा आणि वरच्या तोंडातून आत डोकवा. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी तिथे गोंदाचा थेंब सोडा. पूर्ण काळोख दिसेपर्यंत पुढच्या कामाला लागू नका.

मोटर पकडून ठेवणारी धातूची पट्टी क्लस्टरच्या बऱ्याच किट्समध्ये नसते. तिथे मास्किंग टेपचे वेढे द्यायचे. मोटर बसवताना जोर लागला पाहिजे, आणि रॉकेट उभं धरून झटकलं तरी ती हलता कामा नये. शेवटी बाहेर राहिलेल्या तिन्ही टोकांभोवती मिळून टेपचा एक वेढा द्या. सैल मोटर वरच्या स्फोटानं स्वतःच मागे फेकली जाते आणि पॅराशूट आतच राहतं.

पंखांबद्दल थोडक्यात: बाल्साच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा. दोन्ही पृष्ठभागांना गोंदाचा पातळ थर लावून वाळू द्या, मग दुसऱ्या थरानं जोडा, आणि सांध्यात गोंदाची गोलसर कड भरा. नाक आणि नळी जोडणारी शॉक कॉर्ड किटमध्ये बारीक असेल तर केव्हलारची दोरी जोडा. तीन स्फोटांचा झटका एकाच वेळी बसतो. वॅडिंगही एका मोटरपेक्षा जास्त लागतं. नाकाला धरून रॉकेट उचललं तर ते गळून पडू नये, पण हलक्या ओढीनं नाक सुटावं.

मग स्थिरता. तिन्ही मोटर्स बसवून, पॅराशूट घडी घालून, म्हणजे उडेल त्या पूर्ण अवस्थेत गुरुत्वमध्य शोधा. मोटर्सशिवाय शोधलेला गुरुत्वमध्य इथे काही कामाचा नाही, कारण शेपटाकडचे ७२ ग्रॅम तो खूप मागे ओढतात. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे किमान एका नळीच्या जाडीइतका हवा, बीटी-६०साठी ४१-४२ मिलिमीटर. क्लस्टरला दीडपट असेल तर अधिक बरं. दाबकेंद्र काढायची बॅरोमन यांची रीत ओपनरॉकेटमध्ये आहेच. त्यावर समाधान न मानता दोरीची परीक्षाही घ्या: गुरुत्वमध्यावर दोरी बांधून, मोटर्समध्ये त्या पेटवणारे स्टार्टर न घालता, मोकळ्या जागी रॉकेट डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे राहिलं तर ठीक. आडवं किंवा उलटं झालं तर नाकात मॉडेलिंग क्लेचा गोळा चिकटवा आणि परत वजन करा, कारण २२६ची मर्यादा अजून तशीच आहे.

तारा आणि स्टार्टर

क्लस्टर बिघडतं ते बहुतेक इथे. स्टार्टर म्हणजे दोन तारा आणि टोकाला चटकन पेटणारा काळा ठिपका. हा ठिपका नोझलच्या तळाशी जाऊन दारूला टेकला पाहिजे. एक मिलिमीटर अलीकडे राहिला तर तो नुसता जळून विझतो. पूर्ण आत सारा, मोटरसोबतचा प्लॅस्टिकचा प्लग दाबून बसवा, आणि मग तारा अलगद वाकवा. वाकवताना ठिपका मागे ओढला जाणार नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. बाहेर आलेल्या दोन तारा एकमेकींना कुठेही चिकटू नयेत.

मोटरमध्ये घालण्याआधी सगळे स्टार्टर मल्टिमीटरवर तपासा. रोध एका ओमहून कमीच असतो. महत्त्वाचं हे की निवडलेल्या तिघांचा रोध सारखा असावा. वेगळा आकडा दाखवणारा स्टार्टर एका मोटरच्या रॉकेटसाठी बाजूला ठेवा. मोटरमध्ये बसवलेल्या स्टार्टरला मीटर लावायचा नाही.

जोडणी समांतर हवी, एकसर नको. एकसर जोडणीत दिवाळीच्या जुन्या विजेच्या माळेसारखं होतं: एक दिवा गेला की सगळी माळ बंद. तीन स्टार्टरपैकी जो आधी जळेल तो तार तोडतो, आणि बाकीच्या दोघांचा प्रवाह थांबतो. समांतर जोडणीत प्रत्येकाला आपला रस्ता असतो.

पण समांतर जोडणीची भूक मोठी असते. तीन स्टार्टर मिळून रोध एकाच्या तिसऱ्या हिश्शावर येतो, त्यामुळे चिमट्यांवरची काजळी, बारीक वायर, सैल जोड यांचा रोध त्याच्या बरोबरीला येऊन बसतो आणि ताकद तिथेच वाया जाते. चार छोट्या सेलचा कंट्रोलर एका मोटरला ठीक, इथे तो पुरणार नाही. १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी घ्या. बॅटरी उड्डाणाच्या पॅडजवळ ठेवून रिलेनं चालवली तर जास्त प्रवाहाची वायर आखूड राहते आणि तुम्ही दूरवरून बटण दाबू शकता. क्लबकडे अशी व्यवस्था बहुधा असते.

चिमट्यांचा जुडगा स्वतः बनवा. कंट्रोलरच्या एका टोकाला जोडायला एक तार, तिला तीन लाल फाटे, प्रत्येकाला छोटी क्रोकोडाइल क्लिप. तसेच तीन काळे फाटे. प्रत्येक मोटरला एक लाल, एक काळी. सोल्डर नीट करा, नुसत्या पिळलेल्या तारांवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक उड्डाणानंतर क्लिपचे दात पॉलिश पेपरनं घासा. दारूची काजळी वीज अडवते, आणि दुपारी तिसऱ्या-चौथ्या उड्डाणाला गडबड होते ती याच काजळीनं.

सहा क्लिप्स एवढ्याशा जागेत लोंबतात, त्यातल्या दोन जरी एकमेकींना किंवा रॉकेटखालच्या, ज्वाळा अडवणाऱ्या पत्र्याच्या चकतीला टेकल्या तरी शॉर्ट होऊन सगळा प्रवाह तिकडून जातो आणि एकही मोटर पेटत नाही. चकतीवर मास्किंग टेप चिकटवा. रॉकेटखाली आधार ठेवून नोझल चकतीपासून थोडे वर ठेवा, म्हणजे क्लिपना मोकळं लटकता येईल.

कंट्रोलरच्या दिव्यावर विसंबू नका. समांतर जोडणीत तीनपैकी एक स्टार्टर जोडलेला असला तरी दिवा लागतो. तिन्ही जोडले आहेत की नाही हे डोळ्यांनी, गुडघ्यावर बसून, एकेक क्लिप हलकेच ओढून पाहायचं. आणि हे करताना कंट्रोलरची चावी तुमच्या खिशात हवी. दुसऱ्या कुणाच्या हातात ती देऊ नका, घरच्या माणसाच्याही नाही.

मैदानावर

तीन सी६चा आवेग मिळून २६-२७ न्यूटन-सेकंद होतो, म्हणजे हे रॉकेट ‘ई’ वर्गाच्या ताकदीचं आहे. त्या ताकदीला नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षा नियमावली लांबी-रुंदीचं हजार फुटांचं, म्हणजे ३०० मीटरचं मैदान सांगते. सोसायटीमागचं शाळेचं पटांगण त्यात बसत नाही. पॅडपासून तीस फूट मागे उभे राहा. ‘डी’पर्यंतच्या मोटर्सना पंधरा फूट चालतात, पण क्लस्टरला मी मोठ्या मोटरचंच अंतर धरतो. नियमावली ताशी वीस मैल वाऱ्यापर्यंत परवानगी देते. नव्या क्लस्टरला त्याच्या निम्म्या वाऱ्यातच उडवा. रॉड तीन मिलिमीटरचा नको, ३/१६ इंचाचा, न लवणारा घ्या. तो लोकांपासून किंचित पलीकडे झुकवा. पॅडभोवती वाळकं गवत नको.

क्लबच्या मैदानावर सुरक्षा अधिकाऱ्याला आधीच सांगा की हे क्लस्टर आहे आणि याचं पहिलं उड्डाण आहे. ते पॅड दूरचं देतील आणि सगळ्यांना उभं राहून वर पाहायला सांगतील. हा धाकधुकीचा नाही, शहाणपणाचा भाग आहे. मुलं अमेरिकन रॉकेट्री चॅलेंजसारख्या शालेय स्पर्धेत उतरत असतील, तर अशा क्लबांतच त्यांना अनुभवी माणसं भेटतील.

पहिलं उड्डाण सी६वर करू नका. तीन बी६-४ लावा. बी६ तेवढंच वजन पेलते, सुरुवातीचा धक्काही जवळपास तेवढाच देते, पण सी६ची मोटर दोन सेकंदांच्या आसपास जळते आणि ही एका सेकंदाच्या आत संपते. एखादी पेटली नाही आणि रॉकेट वळलं, तरी ते वळण लगेच संपतं आणि सगळा खेळ तुमच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. तिन्ही पेटल्या, रॉकेट सरळ गेलं, पॅराशूट वेळेवर उघडलं, मग सी६ बाहेर काढा.

पाचपासून उलटी मोजणी मोठ्यानं करा, बटण दाबा आणि रॉकेट निघेपर्यंत दाबून ठेवा. काहीच झालं नाही तर चावी काढा आणि साठ सेकंद कुणीही जागचं हलायचं नाही. रॉकेट निघून वळलं तर सगळ्यांना मोठ्यानं सावध करा. लोकांनी पाठ फिरवून पळू नये, त्याच्यावर नजर ठेवून बाजूला व्हावं.

खाली आल्यावर धावत जाऊन हातात घेऊ नका. न पेटलेली मोटर वरच्या स्फोटांच्या आगीनं उशिरानं पेटू शकते. धूर थांबल्यावर, थोडं थांबूनच जवळ जा, आणि तिन्ही मोटर्स पाहा. एखादी न पेटलेली निघाली तर तिचा स्टार्टर बाहेर काढा. टोक जळालेलं असेल तर वीज पोचली होती आणि ठिपका दारूला टेकलेला नव्हता: बसवण्याची रीत सुधारा. टोक शाबूत असेल तर वीजच पोचली नाही: क्लिप, सोल्डर, बॅटरी तपासा. मोटरचं पुढचं झाकण फुटलेलं किंवा काळं पडलेलं असेल तर ती परत वापरू नका. पाण्यात बुडवून ठेवा, कवच मऊ होऊन दारू विरघळेपर्यंत. आतल्या फटींचा टिश्यू कुठे जळला आहे का ते टॉर्च लावून पाहा, आणि जळला असेल तिथे पुढच्या उड्डाणाआधी गोंदाचा नवा थर द्या.